काव लावलेलं तूस

तीन दिवस आभाळातून थेंब पडला नव्हता आणि प्रयागबाईच्या खाचरात पाणी मांडीला लागत होतं.

पाऊस पडून पाणी चढलं तर माणूस आभाळाला दोन शिव्या घालतो आणि गप बसतो. पण लख्ख ऊन पडलंय, बांधावर चतुर उडतायत, आजूबाजूच्या सगळ्यांच्या खाचरांत चार बोटं पाणी आहे आणि आपल्याच एका खाचरात ते वर वर येतंय, तर शिव्या घालायला माणूसच शोधावा लागतो. प्रयागबाईला त्यासाठी लांब जावं लागलं नाही. तिच्या खाचराच्या वरच्या अंगाला गोमाजीचं खाचर होतं. गोमाजी तिचा चुलत दीर. बारीक चणीचा, कमी बोलणारा. आणि कमी बोलणाऱ्या माणसाच्या पोटात काय असतं ते कोणी सांगावं, असं प्रयागबाईचं मत होतं.

भेलीचा कोंड ही पोलादपूरच्या डोंगरात चढावर बसलेली पंचवीस उंबऱ्यांची वाडी. डोक्यावर जांभ्या कातळाचा उघडा माळ, पायाखाली पायरीपायरीने उतरणारी खाचरं. तरणी माणसं एकतर मुंबईला, नाहीतर महाडच्या एमआयडीसीत पाळीवर. मजूर मिळायचे दिवस गेले. म्हणून लावणी पैऱ्यावर चालायची. तू माझ्यात ये, मी तुझ्यात येतो. गेल्या आठवड्यात प्रयागबाई आणि तिची सून समीक्षा तीन दिवस गोमाजीच्या खाचरात वाकून कंबरेचे तुकडे करून आल्या होत्या. आज पाळी हिची.

गोमाजी आला, त्याची बायको शकू आली, मागून वाडीतल्या दोघी बाया आल्या. सगळे बांधावर उभे राहून पाण्याकडे बघत राहिले. कोणी पाय घालेना.

“एवढ्या पान्यात कसं लावनार, वयनी?” वाफ्यातल्या भाताच्या रोपांकडे बघत गोमाजी म्हणाला. “सगळं आवन बुडंल. दोन दिस थांब. उतरलं की लावू.”

“उतरंल कसं? वरनं सोडायचं थांबलं तर उतरंल ना.”

“कोन सोडतंय?”

“मी नाव घेतलं काय कोनाचं?”

शकू मधे पडली. ती तुडीलची, नदीकाठची. पुराशी तिची लहानपणापासूनची ओळख. “आमच्याकडं सावित्रीचं पानी घरात यायचं, जाऊबाय. पन ते येताना दिसायचं तरी. हितं कुठनं येतंय तेच कळत नाय.”

“चोरीचं कधी दिसतं काय गो?” प्रयागबाई म्हणाली.

झालं. शब्द सुटला तो सुटला. दोघी बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. गोमाजीने विडी काढली, पेटवली नाही, परत खिशात ठेवली.

प्रयागबाईकडे पुरावा नव्हता असं कसं म्हणावं? तीन वर्षांमागे गोमाजीने आपला बांध हातभर उंच केला, आणि त्याच पावसाळ्यापासून हिच्या खाचरात उन्हाचं पाणी चढायला लागलं. पहिल्या साली थोडं आलं. दुसऱ्या साली अर्धं भात कुजलं. यंदा लावणीलाच अडलं. शिवाय हे खाचर आपल्याला विकता का, असं गोमाजीने फार वर्षांपूर्वी एकदा विचारलं होतं. माणूस विसरतो, पण प्रयागबाई विसरत नाही.

“आवन पंचवीस दिसांचं झालंय माझं,” ती म्हणाली. “अजून दहा दिसांनी ते गुरांपुढं टाकायच्या लायकीचं. माझं वर्साचं भात ह्या एका तुकड्यात हाय. तुमी सोडत नाय ना पानी? मंग वाघजाईच्या पायरीवर चला. ओल्या अंगानं नारळ धरा नि बोला.”

गोमाजीने घराकडे बघितलं. ओटीवर कुशाबा बसला होता, प्रयागबाईचा नवरा, गोमाजीचा थोरला चुलतभाऊ. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून तो ओटीवरच असायचा, आणि त्याला बांधावरचं सगळं ऐकू जायचं. कुशाबाने आपल्या गुडघ्यांकडे बघितलं.

“चल,” गोमाजी म्हणाला.

तो विहिरीवर गेला, कपड्यांसकट दोन बादल्या अंगावर घेतल्या आणि निथळत वाडीतून देवळाकडे चालत गेला. दारादारांत माणसं उभी राहिली. पन्नाशीचा माणूस, सदरा अंगाला चिकटलेला, त्यातून बरगड्या मोजून घ्याव्यात. मागून शकू, डोळ्यांना पदर लावलेली. पायरीवर उभं राहून गोमाजी म्हणाला, “माझ्या बांधातनं वयनीच्या खाचरात मी पानी सोडलं असंल, तर माझं पिकलेलं भात माझ्या पोटात जाऊ नये.” नारळ ठेवला आणि कोणाकडे न बघता घरी गेला.

त्या दिवसापासून पैरा मोडला. शपथ घेतली म्हणजे माणूस सुटला असं थोडंच असतं? शपथ घ्यायची वेळ आली, म्हणजे काहीतरी असणारच, असं लोक बोलायला लागले. विहिरीवर बायका शकूला पुढे होऊ द्यायच्या आणि मागे राहून कुजबुजायच्या. प्रयागबाईच्या कानावर हे आलं तेव्हा तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं.

पाणी दोन दिवसांनी हळूहळू उतरलं. लावणीला माणसं नव्हती. प्रयागबाई आणि समीक्षा, दोघीच चिखलात उतरल्या आणि कोपऱ्यातले चार हात लावून झाले. त्या रात्री माळावर पाऊस कोसळला. सकाळी उघडला. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, टळटळीत दुपारी, लावलेले चार हात परत पाण्याखाली गेले.

आता मात्र प्रयागबाईने पहारा बसवला. पहारा म्हणजे कोण, तीच. प्लास्टिकची खुर्ची, छत्री, फडक्यात बांधलेली भाकरी, आणि नजर गोमाजीच्या बांधावर. पाण्यात एक काठी रोवली आणि तिच्यावर कोयत्याने खाच केली. दुपारपर्यंत खाच बुडाली. बांधावरून थेंब आला नाही. बांध कोरडा, वर मुंग्यांची रांग चाललेली. तिने डोळ्यांनी बघितलं.

दुसरी कोणी असती तर तिने खुर्ची उचलली असती. प्रयागबाईने फावडं उचललं. वरून येत नाही, याचा अर्थ खालून पाईप घातलाय! बांधाच्या बुडाशी तिने हात हात खोल खणलं. दोन खेकडे निघाले, एक जुनी चप्पल निघाली. पाईप निघाला नाही.

कुशाबा काठी टेकत टेकत बांधापर्यंत आला. “सोडलेलं पानी तांबडं असतं,” तो म्हणाला. “हे बग. तळ दिसतोय. हात घाल, बर्फासारखं गार. हे आतलं पानी हाय.”

“आतलं म्हंजे?”

“डोंगराच्या आतलं.”

“डोंगरात काय तुमच्या बापानं टाकी बांधून ठेवलीय?”

कुशाबा आला तसा परत गेला.

तोच घरातून समीक्षाची हाक आली. मागच्या नव्या बाथरूममध्ये फरशीच्या सांध्यांतून पाणी पाझरत होतं, आणि मोरीच्या जाळीतून, जिथून पाणी खाली जायचं तिथून, ते बुडबुड करत वर येत होतं. समीक्षा पाचाडची, नव्या वळणाची पोर. लग्न ठरताना तिने एकच मागणं घातलं होतं की अंघोळीला आडोसा नको, पक्कं बाथरूम हवं. तिच्या नवऱ्याने, राहुलने, गेल्या उन्हाळ्यात, एमआयडीसीत पाळ्या करून करून, ते बांधलं होतं. निळ्या टाइल्स. वाडीतल्या बाया बघून गेल्या होत्या.

“आई, हे पण काकांनी केलं म्हणाल का?” समीक्षा म्हणाली. आवाज गरीब होता, पण प्रयागबाईला त्यात काहीतरी टोचलं. सून आणि शकू विहिरीवर बोलतात की काय, याचा तिने विचार करून ठेवला.

पाईप खाली नाही, तर वर असणार. दुसऱ्या दिवशी पहाटे पडलेला पाऊस उघडताच ती कोयता घेऊन माळावर चढली. वर सगळा काळातांबडा खडबडीत जांभा, सच्छिद्र, पायाला टोचणारा. पावसाचे ओघळ चारी बाजूंनी येत होते आणि माळाच्या मधोमध एका टोपलीएवढ्या भोकात गुडूप होत होते. त्याला गिळ्या म्हणायचे. लहान पोरांना तिथे जाऊ देत नसत. प्रयागबाई त्याच्या कडेला पोटावर आडवी झाली आणि आत डोकावली. आत काळोख, आणि खूप खोलवर पाण्याचा गडगडाट.

“काय हरवलं गो तुझं?”

ती दचकली. शेरडं राखणारी साळूबाई होती. ऐंशीची म्हातारी, डोक्यावर युरियाच्या पिशवीची खोळ.

“गोमाजीनं पाईप घातलाय हितनं. बघतेय.”

साळूबाई हसली ती खोकला लागेपर्यंत हसली. “आगो, ह्या माळात देवानंच पाईप घातलेत! सगळा डोंगर आतनं पोकळ. हितं गिळतो नि तुझ्या गोठ्यामागं ओकतो. आमी ल्हान व्हतो तवा पोरांनी टोपलीभर तूस टाकलं व्हतं ह्यात. दुसऱ्या दिशी तुझ्या गोठ्यामागच्या कपारीतनं भाईर आलं. तुझ्या सासूनं सगळ्यांना बडवलं, मला पन. पानी खराब केलं म्हनून.”

“आता तिथं पानी येत नाय.”

“का नाय येत?”

“आटलं,” प्रयागबाई म्हणाली आणि उठून साडी झटकायला लागली.

आटलं नव्हतं. कपार तिनेच बुजवली होती. एकवीस सालच्या पावसाळ्यानंतर या डोंगरांतलं कुठलं माणूस शांत झोपलंय? दरडींची भीती प्रत्येकाच्या उशाशी. तीन वर्षांमागे साहेब लोक तपासणीला आले, माळावरच्या भेगा बघितल्या आणि सांगून गेले की भेगा मातीने बुजवा, पाणी आत मुरू देऊ नका. सगळ्या वाडीने श्रमदान केलं. गिळ्या तेवढा भरला नाही, टाकाल ती माती तो गिळायचा. प्रयागबाई एकटीच अशी, की तिने घरी येऊन गोठ्यामागची कपारही बुजवली. भोक ते भोक! वरचं काय नि खालचं काय. चार दिवस ती एकटी घमेली वाहत होती. दगड, चिकणमाती, वर मुरूम. पावसाळ्यात घराखाली जो पाण्याचा आवाज यायचा तो बंद झाला आणि तिला पहिल्यांदा गाढ झोप लागली. मागची जागा सपाट झाली, कोरडी झाली, म्हणूनच तर राहुलचं बाथरूम तिथे उभं राहिलं. याचा आणि खाचरातल्या पाण्याचा काही संबंध असेल, हे तिच्या मनाला शिवलं नव्हतं. आताही तिने शिवू दिलं नाही. उतरताना तिने वेगळाच विचार केला. साळूबाई कोणाकडे जेवते? गोमाजीकडे. मग ती कोणाचं बोलणार?

वाडीत आल्या आल्या तिने गोमाजीचं अंगण गाठलं.

“साळूबाय म्हनते पानी गिळ्यातनं येतं. तुमीच शिकवलं असंल तिला. मी म्हनते बघूच. तूस टाकायचं.”

“टाक,” गोमाजी भात पाखडत होता, मान वर न करता म्हणाला.

“असं नाय. तूस माझं. त्याला तांबडी काव मी लावनार, म्हंजे कोनी आपलं तूस आनून वतलं असं व्हायला नको. पोत्याचं तोंड मी शिवनार. माझ्या डोक्यावरनं वर नेनार. शकू माझ्या खाचरावर बसंल, समीक्षा तुमच्या दारात. कोन कुठं गेलं ते कळलं पायजे.”

“आनि रातचं?”

“रातचं बॅटरी मारू.”

गोमाजीने सूप खाली ठेवलं. “तूस माझ्या खाचरात आलं तर मी चोर. तुझ्यात आलं तर?”

“तवाचं तवा बघू.”

प्रयागबाईने ते काम काय निगुतीने केलं म्हणता! घरच्या भाताचं पोतंभर तूस अंगणात पसरलं. तुळशीवृंदावनाला लावायला आणलेली काव पाण्यात कालवून त्यावर शिंपली, दोन्ही हातांनी चोळली, लालभडक होईपर्यंत. कोपरापर्यंत हात रंगले. दुसऱ्या दिवशी माळावर सर पडून गेली आणि ओघळ वाहायला लागले, तशी पोतं डोक्यावर घेऊन ती वर गेली. मागे अर्धी वाडी. शिवण सगळ्यांना दाखवून मग तिने पोतं फाडलं. गिळ्याने लाल तूस दोन गिरक्यांत गिळलं.

मग वाट बघणं. शकू खाचरावर बसली, समीक्षा गोमाजीच्या दारात बसली. शकूने समीक्षाला चहा दिला, तो समीक्षाने प्यायला, ही बातमी प्रयागबाईकडे पोचायला पाच मिनिटं लागली नाहीत. रात्रभर या ओटीवरून त्या ओटीवर बॅटऱ्यांचे झोत फिरत होते.

सकाळी दहाच्या सुमारास शकू ओरडली. भीती वाटून ओरडावं तशी.

खाचरात, अगदी मधोमध, जिथे खेकड्यांची बिळं होती तिथे, निवळ पाण्यात खालून लाल तूस वर येत होतं. एकेक कण गिरकी घेत यायचा आणि पसरायचा. गोमाजीच्या बांधापासून वीस पावलं दूर. गोमाजीच्या खाचरात त्याची रोपं चार बोटं पाण्यात डुलत होती, लाल असं त्यात काही नव्हतं. सगळी वाडी बांधावर जमली. गोमाजी शेवटी आला, सगळ्यांच्या मागे उभा राहिला.

“गिळ्यातनंच येतंय की गो,” एक बाई म्हणाली.

“मंग पूर्वी का नाय आलं? तीन वर्सांतच कसं?” प्रयागबाई म्हणाली. अजूनही. जीभ आपली सवयीने चालली होती. “तवाच बांध उंच केला ह्यांनी.”

“आई!” घरातून राहुलची हाक आली. रात्रपाळी करून तो नुकताच मोटरसायकलवरून उतरला होता. “हिकडं या सगळी. बाथरूममदी बघा काय झालंय!”

माणसं घरात शिरली. निळ्या फरशीवर वितीएवढा लाल तुसाचा थर साचला होता, आणि मोरीच्या जाळीतून ते अजून वर येतच होतं, गच्च, मूठमूठ. खाचरात आलं त्याच्या दहापट. मधली एक टाइल उचलली गेली होती आणि तिच्याखालून पाणी धडधडत होतं.

साळूबाई चौकटीला धरून उभी होती. “हितंच व्हती ना कपार? हितंच मार खाल्ला मी तुझ्या सासूचा. वाट आपली जुनीच शोधतंय पानी. कोनी बुजवली?”

“साहेब लोकांनी भेगा बुजवायला सांगितल्या व्हत्या,” राहुल म्हणाला. “त्यात बुजली असंल.”

मुलाने आईपुढे छत्री धरली होती. प्रयागबाईने नुसती मान हलवायची, की झालं. साहेब लोक कोण, कुठले, कोण विचारायला जाणार होतं त्यांना? तिने लोकांकडे बघितलं. लोक तिच्या हातांकडे बघत होते. काव अजून निघाली नव्हती. कुशाबा ओटीवरून उठून आत आला होता आणि काठीवर दोन्ही पंजे ठेवून तिच्याकडेच बघत होता. तो सगळं जाणत होता. त्या चार दिवसांत घमेली कोण वाहत होतं ते त्याने याच ओटीवरून बघितलं होतं, आणि अडवायला गेला तेव्हा गप बसवला गेला होता.

लाज कशी असते ते तिला त्या क्षणी कळलं.

“मी बुजवली,” ती म्हणाली. “साहेबांनी माळावरच्या सांगितल्या व्हत्या. ही मी माझ्या मनानं बुजवली. ह्यांनी नको म्हनलं व्हतं.”

गोमाजी कुठे आहे ते बघायला तिने मान वळवली. तो दाराबाहेर होता, आत आलाच नव्हता. तिचं बोलणं त्याने ऐकलं असणार. पण तो अंगणातल्या जास्वंदीकडे बघत होता.

“आता काय करायचं?” राहुल म्हणाला. “आई, खाचराचं पुढच्या वर्षी बघू. एवढी फरशी...”

“खाचराचं ऱ्हाऊ दे,” कुशाबा म्हणाला. एवढ्या दिवसांत तो पहिल्यांदा मोठ्याने बोलला. “डोंगराच्या पोटात पानी तुंबवून ठेवलंय आपन, नि त्याच्याच अंगाला झोपतोय. दरड कशानं येते?”

समीक्षा आपल्या निळ्या टाइल्सकडे बघत उभी होती. प्रयागबाई तिच्याजवळ गेली. सुनेपुढे हात जोडायची रीत नाही, म्हणून तिने तिच्या दंडाला धरलं. “तुला दुसरं बांधून देईन गो. आडवी येऊ नको.”

“मी कुठं आडवी येतेय,” समीक्षा म्हणाली आणि बादल्या, साबण, आरसा बाहेर नेऊन ठेवायला लागली.

पहार प्रयागबाईनेच घेतली. पहिल्या घावाला टाइल फुटली, दुसऱ्याला कोबा. मग राहुलने तिच्या हातातून पहार ओढून घेतली, वाडीतले आणखी तिघे आले, मुरूम निघाला, चिकणमाती निघाली. आपण किती घट्ट ठोकलं होतं ते प्रयागबाईला आता कळत होतं. एकेक दगड काढताना बापये घामाने न्हाले. तासाभराने एक मोठा धोंडा हलला, आणि “सरका!” म्हणेपर्यंत पाण्याने तो उचलून फेकला. मागची भिंत कोपऱ्यात खचली. पाणी माणसाच्या मांडीएवढ्या जाड धारेने बाहेर पडलं आणि जुन्या, गवत माजलेल्या वहाळातून, लाल तूस घेऊन, धावत खाली गेलं. घराखालचा तो आवाज परत सुरू झाला.

संध्याकाळपर्यंत खाचरातली काठी खाचेच्या खाली वीतभर उघडी पडली.

त्याच संध्याकाळी प्रयागबाई नारळ घेऊन गोमाजीच्या दारात गेली. “भावजी, चुकलं माझं. वाघजाईपुढं गाऱ्हानं घालते, शपथ उतरून घेते. तुमी नि शकू चला संगती.”

“देवीला ठावं व्हतं,” गोमाजी म्हणाला. “तिला सांगायला कशाला जायचं?”

शकू आतून बाहेर आली नाही. प्रयागबाई एकटीच देवळात गेली, गाऱ्हाणं घातलं, परत येऊन जेवली नाही. आवण तेहतीस दिवसांचं झालं होतं. पैरा कोणाकडे मागायचा? कोणत्या तोंडाने? उद्या आपण दोघीच, होईल तेवढं लावू, असं ती समीक्षाला म्हणाली.

सकाळी दोघी आवण उपटून मुठी बांधत होत्या, तेव्हा बांधावर पावलं वाजली. गोमाजी होता, शकू होती, त्यांची मुलगी अक्षदा होती, आणि पहिल्या दिवशीच्या त्या दोघी बाया.

“तुमचे तीन दिस आमच्याकडं हायत,” गोमाजी म्हणाला. “ते फेडायचेत.” आणि पँट गुडघ्यावर दुमडून चिखलात उतरला.

दिवसभर त्यांनी काम केलं. हातचं राखून केलं असं वैऱ्यानेही म्हणू नये. रोपं जून झाली होती, बुडं कडक, म्हणून गोमाजीने सगळ्यांना दाट लावायला सांगितलं, एका चुडात चार ऐवजी सहा. शकू प्रयागबाईच्या शेजारीच वाकली होती. मूठ संपली की पुढची देत होती. दुपारी प्रयागबाईने भाकऱ्या आणल्या, सुकटीचं कालवण आणलं. शकूने फडक्यातून आपली भाकरी काढली. गोमाजी वहाळावर जाऊन ओंजळीने पाणी प्यायला आणि येऊन परत वाकला. प्रयागबाईचं कालवण तिने आणि समीक्षाने खाल्लं. बाकीचं तसंच राहिलं.

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला शेवटची मूठ लागली. खाचर हिरवं झालं. पाणी चार बोटं, ना कमी ना जास्त. प्रयागबाईला रडू फुटायच्या बेतात होतं. आता तरी काहीतरी बोलावं, आता बोलेल तो, असं तिला वाटत होतं. गोमाजी आपल्या बांधाजवळ गेला. त्याने पाय धुतले, हात धुतले, हात सदऱ्याला पुसले. मग खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाईल काढला.

“वयनी, जरा हितं बांधाला लागून उभी ऱ्हा.”

“कशाला?”

“फोटू काढतो. बांध कुठं फुटलेला नाय, पानी सोडलेलं नाय, एवढं दिसलं पायजे. उद्या परत पानी चढलं तर माझ्यापाशी असू दे.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. लोक लाइटबिल जपून ठेवतात तसं तो बोलत होता.

प्रयागबाई बांधाला लागून उभी राहिली. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. गोमाजी दोन पावलं मागे सरला, बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत फोटोत यावा म्हणून आणखी एक पाऊल सरला.

“हालू नको,” तो म्हणाला.

ती हलली नाही.